मारेनचा कोरा दगड

क्रेसेनच्या थडग्याच्या दगडावर पस्तीस वर्षांत दगडफूल सगळीकडे चढलं होतं, फक्त एका शब्दावर चढलं नव्हतं.

काइकेनं भिंग डोळ्याला लावलं आणि ओल्या गवतात गुडघे टेकून पुन्हा पाहिलं. वरच्या ओळींत क्रेसेनचा जन्म होता, लग्न होतं, नवऱ्याचं बुडालेलं जहाज होतं. तिथे राखाडी चकत्या एकमेकींना भिडल्या होत्या. सगळ्यांत मोठी एकतीस मिलिमीटरची. खाली 'दोन मुलींची आई, मारेन आणि' इथपर्यंत त्या तशाच उतरल्या होत्या. त्यापुढचं नाव स्वच्छ होतं. 'काइके'. खाचांत शेवाळाचा ठिपकासुद्धा नव्हता आणि अक्षरांच्या कडा बोट फिरून फिरून गुळगुळीत झाल्या होत्या.

बोट कुणाचं ते तिला ठाऊक होतं. मारेनला वाचता येत नसे, पण एवढा एक शब्द ती ओळखायची, आणि रोज सकाळी इथे येऊन तो गिरवायची. पण मारेनला जाऊन सात वर्षं झाली होती. या जातीचं दगडफूल रुजायला दोनेक वर्षं घेतं आणि मग वर्षाला मिलिमीटरहून जरा कमी वाढतं. म्हणजे आता त्या अक्षरांवर साडेचार मिलिमीटरच्या चकत्या दिसायला हव्या होत्या. काइकेनं सगळी नोकरी हेच मोजण्यात घालवली होती.

"सापडलं का काही?" मागून नामेननं विचारलं.

"नाही."

"मग एवढं काय बघतेयस? शाळेतही तू अशीच. पाटीवर काही नसलं तरी टक लावून बसायचीस."

नामेन बेटावरचा शेवटचा पाथरवट. त्याच्या बापानं क्रेसेनचा दगड कोरला होता आणि शेजारचा, मारेनचा, त्यानं स्वतः घडवून उभा केला होता. या दुसऱ्या दगडावर एक अक्षर नव्हतं. बेटावर दगड बोलतात. नाव आणि दोन तारखा टाकून कुणी मोकळं होत नाही. माणूस कुठे जन्मला, कुणाशी लग्न केलं, किती वेळा समुद्रावर गेला, कशानं मेला, मागे कोण राहिलं, सगळं येतं. कोरा दगड म्हणजे तोंड दाबून उभं केलेलं माणूस, असं म्हातारे म्हणायचे.

"शनिवारी साडेदहाला कोरायला घेऊ," नामेन म्हणाला. त्यानं उजवा हात पुढे केला. मनगट बारीक थरथरत होतं. "हे बघ. एवढा एक दगड होईल याच्यानं. मग छिन्नी पेटीत आणि पेटी माळ्यावर. तू नाही बोललीस तर तो तसाच राहील. नंतर पलीकडून कुणाला बोलाव, ते यंत्रानं कोरतात. इस्त्री केल्यासारखी अक्षरं येतात."

"शब्द सगळे ठरलेत. एक सोडून."

"तो एक सात वर्षं सोडलाय तू." तो क्रेसेनच्या दगडाकडे हनुवटी करून म्हणाला, "बहीण म्हणालीस तर प्रश्नच नाही. आई म्हणालीस तर हा शेजारचा खोटा पडतो. दोन दगड शेजारी शेजारी उभे राहून एकमेकांना खोटं पाडतायत, असं इथे कधी झालेलं नाही."

"खोटाच आहे तो, नामेन."

"मला माहितीय. सगळ्या गावाला माहितीय. दगडाला माहीत नव्हतं ना."

काइके उठली. गुडघ्यांवर ओलीचे दोन गोल डाग पडले होते. खोटं काय आणि खरं काय हे तिला कधीच ठरवायचं नव्हतं. अडत होतं ते वेगळ्याच ठिकाणी. 'बहीण' हा शब्द मारेननं स्वतः जन्मभर धरून ठेवला होता. तो तिच्या हातून काढून घ्यायचा हक्क आपल्याला आहे का, याचं उत्तर तिला सात वर्षांत सापडलं नव्हतं.

मारेन एकोणीसशे एकोणचाळीस सालची. चार वर्षांची झाली तेव्हा पहिला शब्द बोलली. युद्धाचे दिवस होते. पलीकडून, म्हणजे मुख्य भूमीवरून, एक डॉक्टर अशा मुलांची यादी घेऊन बोटीनं यायचा. शेजारच्या बेटावरचा, मारेनसारखाच एक मुलगा त्या बोटीनं गेला आणि सहा आठवड्यांनी पत्र आलं, न्यूमोनियानं वारला. त्याच्या घरात कुणालाच ते पटलं नाही, आणि तसं कुणी बोलूनही दाखवलं नाही. तेव्हापासून बोट दिसली की क्रेसेन स्वयंपाकघराचा बंदराकडचा पडदा ओढायची, आणि मारेन न सांगता जळणाच्या पेटीत जाऊन बसायची. झाकण लावलं की तिचा श्वाससुद्धा ऐकू यायचा नाही. युद्ध संपलं, डॉक्टर यायचा बंद झाला. पडदा ओढायचं थांबलं नाही.

अठ्ठावन्न साली मारेन एकोणीस वर्षांची होती. कोळंबी पकडणाऱ्या होड्यांवरच्या कुणा खलाशापासून तिला दिवस गेले. तो पुन्हा या बंदराला लागला नाही. असं मूल आणि अशी आई कळली तर सरकारी माणसं मुलाला घेऊन जातील, यात कुणाला शंका नव्हती. पलीकडे मुलं अशी नेलेली दोन घरं माहीत होती. क्रेसेनचा नवरा त्याच वसंतात बुडाला होता, त्यामुळे तिचा स्वतःचा हिशेब जुळत होता. तिनं उन्हाळाभर नवऱ्याचा जाड कोट घातला. मारेनला घराबाहेर काढलं नाही. ऑक्टोबरात सुईण गोंत्येनं मूल घेतलं आणि नोंदवहीत आईच्या रकान्यात क्रेसेनचं नाव लिहिलं. गावाला काय, दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांवरून सगळं कळतं. पण कुणी तोंडातून ब्र काढला नाही.

क्रेसेननं मारेनला पाळण्याजवळ बसवून सांगितलं, "तू हिची बहीण. आई म्हणालीस तर बोट येईल आणि हिला घेऊन जाईल."

मारेनला सातच्या पुढे मोजता येत नसे. पावात मीठ दोनदा पडायचं किंवा पडायचंच नाही. आठवड्याचे वार तिच्या डोक्यात ठरायचे नाहीत. पण ही एक गोष्ट ती चौपन्न वर्षांत एकदाही चुकली नाही.

घड्याळही तिला समजत नसे. काइकेला शाळेत सोडलं की ती परत जायचीच नाही. पुन्हा कधी यायचं हे कळणार नाही, म्हणून शाळेच्या दगडी भिंतीला पाठ लावून उभी राहायची, पावसात, बर्फात. कोळंबी सोलायची टोपली सोबत आणायची आणि उभ्या उभ्या सोलायची. मास्तर बाहेर येऊन म्हणायचे, "मारेन, अजून तीन तास आहेत." ती मान डोलवायची. तीन तास म्हणजे किती ते तिला कळत नसे, पण कुणीतरी येऊन 'झालं, ने तिला' म्हणेपर्यंत थांबायचं, एवढं तिला पक्कं कळायचं. मुलं चिडवायची. नामेनही चिडवायचा. काइके खिडकीशी बसायची आणि मारेनच्या टोपीचा शेंडा भिंतीच्या वर दिसतो का ते बघायची. तो नेहमी दिसायचा.

घर गावाच्या टोकाला, बांधाच्या आत होतं. आता ते वर्षातून दहा-बारा दिवस उघडायचं आणि किल्ली फक्त काइकेकडे असायची. बुधवारी दफनभूमीतून परतल्यावर तिनं खिडक्या उघडल्या, चूल पेटवली, बंदराकडचा पडदा पूर्ण बाजूला सारला. तीन वाजून चौदा मिनिटांनी ती चहा ओतत होती. पाठीमागे पितळेच्या कड्या लाकडी दांडीवरून सरकल्या. तिनं वळून पाहिलं. पडदा बंद होता.

सहा मिनिटांनी बोटीचा भोंगा वाजला.

काइकेनं पडदा उघडला. मागच्या खेपेलाही असं झालं होतं, त्याआधीच्याही, पण दोन्ही वेळा तिनं ते वाऱ्यावर ढकललं होतं. या खेपेला तिनं मेणबत्ती पेटवून खिडकीच्या चारी कडांवरून फिरवली. ज्योत सरळ राहिली. मारेनच्या बापाची जुनी पाणसळ काढून दांडीवर ठेवली. दांडी किंचित कललेली निघाली, पण उघडण्याच्या बाजूला. म्हणजे पडदा आपोआप सरकलाच असता, तर उघडा झाला असता. तिनं हे वहीत तारखेसह लिहिलं आणि पेन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पडदा उघडून त्याला कपड्यांचा चिमटा लावला, दांडीलाच धरून, घट्ट. दहा वाजून चौतीस मिनिटांनी ती मुद्दाम त्याच्याकडे पाहत बसली होती. शेजारची मेंढरं ओरडली म्हणून एकदाच मान वळली. कड्या वाजल्या. पडदा बंद झाला होता आणि चिमटा खाली पडलेला नव्हता. तो खिडकीच्या फळीवर, भिंतीला समांतर, नीट ठेवलेला होता. बोट सहा मिनिटांनी आली.

तिला भीती वाटली नाही असं नाही. पण भीतीपेक्षा तिला वेगळंच काहीतरी आठवलं. लहानपणी पडदा ओढला गेला की पाठोपाठ एक गोष्ट व्हायची: मारेन मागे येऊन उभी राहायची आणि दोन्ही हात काइकेच्या खांद्यांवर ठेवायची. हातांना कोळंबीचा वास यायचा. आता काइके वाट पाहत बसली, पाठ ताठ करून. खांद्यांवर काही आलं नाही.

दुपारी ती गोंत्येकडे गेली. सुईण त्र्याण्णव वर्षांची होती, ऐकू उत्तम यायचं, पाय गेले होते.

"ये. बूट पूस. तुझं ते दगडफूल माझ्या गालिच्यावर नको."

"कशा आहात, गोंत्येआजी?"

"मरत नाहीये. नामेन वैतागलाय. माझा दगड कोरून अंगणात सहा वर्षं पडलाय, फक्त शेवटची तारीख टाकायची राहिलीय." तिनं चहात खडीसाखर टाकली आणि ती तडकायचा आवाज येईपर्यंत थांबली. "वाचलायस का? 'दोनशे एकसष्ट मुलं जगात आणली आणि एकाचीही नोंद चुकवली नाही.' ती नोंदीची दुसरी ओळ नामेननं बापाच्या वेळची पद्धत म्हणून घातली. माझ्या मनात नव्हती."

काइकेनं कप खाली ठेवला. "घरात पडदा बंद होतो. बोट यायच्या आधी."

"मग होऊ दे की. उघडतेस कशाला?"

"तुम्हाला नवल नाही वाटत?"

"या वयात नवल वाटून घ्यायला ताकद लागते, पोरी." तिनं खिडकीबाहेर पाहिलं. "शनिवारी काय म्हणणार आहेस?"

"तेच विचारायला आले. मला तुम्ही सांगितलंत तेव्हा मी सतरा वर्षांची होते. तशीच पळत घरी गेले आणि तिला विचारलं, 'तू माझी आई आहेस का?' तुम्हाला माहितीय काय झालं?"

"नाही. तू कधी सांगितलं नाहीस."

"तिच्या हातातली टोपली पडली. तिनं आधी पडदा ओढला. बोट नव्हती तेव्हा, संध्याकाळ होती. मग जळणाच्या पेटीचं झाकण उघडून माझा हात धरून मला ओढायला लागली. मला, सतरा वर्षांच्या घोडीला, त्या पेटीत घालायला. आणि सारखं तेच म्हणत होती. बहीण, मी बहीण, मी बहीण. मी पुन्हा कधी विचारलं नाही."

गोंत्येनं बशीत चमचा ठेवला, पुन्हा उचलला.

"ती दर वर्षी माझ्याकडे यायची," ती म्हणाली. "तुझ्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी."

"कशाला?"

"विचारायला. दारातच उभी राहायची, आत यायची नाही. 'मोठी झाली का?' एवढंच."

"मी?"

"क्रेसेननं तिला नुसतं 'बहीण' म्हण असं सांगितलं नव्हतं. पोर मोठी होईपर्यंत, असं सांगितलं होतं. मोठी झाली की कुणी घेऊन जात नाही, मग बोल. मी तिथेच होते, तुझी नाळ बांधत होते. आता मोठी म्हणजे किती, हे मारेनला कुठे कळायचं? म्हणून मला विचारायची. मी सुईण, मला माहीत असणार."

काइके खुर्चीत पुढे सरकली. "आणि तुम्ही काय सांगायचात?"

"अजून नाही, मारेन."

"कधीपर्यंत?"

"तू अठराची झालीस तेव्हाही. क्रेसेन मेली तेव्हाही. आधी मला भीती होती. खोटी नोंद केली म्हणून माझा परवाना गेला असता, निवृत्तिवेतनही. मग सगळं मिटलं, भीती गेली. मग वाटायला लागलं, आता कुठल्या तोंडानं सांगू? इतकी वर्षं का थांबवलंत असं तिनं विचारलं असतं तर?"

"तिनं विचारलं नसतं."

"नसतंच विचारलं," गोंत्ये म्हणाली. "ते जास्त वाईट झालं असतं."

चुलीत लाकूड खाली घसरलं. काइके त्या आवाजानं दचकली.

"शेवटच्या दिवशी मी आले होते, आठवतं? नामेननं आणलं होतं गाडीतून. तू पलंगाच्या त्या बाजूला उशीचा अभ्रा बदलत होतीस. तिला बोलता येत नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मग तुझ्याकडे बघितलं. मला कळलं काय विचारतेय ते."

"मग?"

गोंत्येनं फक्त मान हलवून दाखवली, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

काइके चौपन्न वर्षांची होती त्या दिवशी. केस पिकले होते, चष्म्याचा नंबर वाढला होता, हाताखाली सहा संशोधक होते. आणि दोन हात अंतरावर मारेन जणू त्या शाळेच्या भिंतीला पाठ लावून अजून उभीच होती, कुणीतरी बाहेर येऊन सांगेल म्हणून.

"मला शिव्या दे," गोंत्ये म्हणाली. "बरं वाटेल."

"कुणाला?"

"दोघींनाही."

काइकेनं शिव्या दिल्या नाहीत. तिनं कप विसळून ठेवले, कारण गोंत्येला उठता येत नव्हतं, आणि कोट चढवला. दारात आल्यावर तिला वाटलं, मारेन इथेच उभी राहायची, याच पायरीवर. पायरी मधोमध झिजलेली होती, पण दोनशे एकसष्ट घरांतल्या माणसांनी ती झिजवली असणार. तिनं तिथे काही मोजलं नाही.

शुक्रवारी धुकं उतरलं. बांध दिसेना, मग कुंपण दिसेना. रेडिओनं सांगितलं की आज बोट सुटणार नाही. काइकेनं तरीही खुर्ची ओढली आणि पडद्यासमोर बसली. दहा चौतीस झाले. दहा चाळीस. पडदा उघडाच राहिला. दुपारी तीन चौदा. उघडाच. खिडकीत नुसता पांढरा रंग होता. वाऱ्याला, दांडीला, लाकडाच्या फुगण्याला वेळापत्रक ठाऊक नसतं, आणि रेडिओ ऐकून ती थांबतही नाहीत. एवढं तिनं वहीत लिहिलं. त्यापुढे काय लिहायचं ते तिला सुचलं नाही.

साडेतीनला ती दफनभूमीकडे निघाली. रस्ता पायांना माहीत होता. धुक्यात पावलांचा आवाज आपल्यापेक्षा अर्धं पाऊल मागे येतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं आणि त्याचं कारणही ठाऊक होतं. तरी शाळेच्या भिंतीजवळ ती थांबली. मागचा आवाजही थांबला, पण एका पावलानंतर.

"मारेन?" ती म्हणाली.

भिंत ओली होती, दगडांच्या सांध्यांतून पाणी ओघळत होतं. साधारण माणसाच्या पाठीएवढी एक जागा कोरडी होती. काइकेनं तिथे हात लावला नाही.

क्रेसेनच्या दगडावर धुक्याचे थेंब दाटून बसले होते, प्रत्येक चकतीवर, प्रत्येक अक्षरात. तिच्या नावावर एकही नव्हता. तिनं पिशवीतून तापमापक काढून त्याचं टोक नावाच्या खाचेत टेकवलं: आठ अंश. शेजारी: आठ अंश. फरक नव्हता. कोरडं राहायला कारण नव्हतं.

ती दोन दगडांच्या मध्ये उभी राहिली आणि तो शब्द म्हणून बघायचा प्रयत्न केला. जन्मभर तो शब्द तिनं क्रेसेनसाठी वापरला होता, पावासाठी, जोड्यासाठी, ताप आल्यावर. मारेन त्या वेळी तिथेच असायची, कोळंबी सोलत, आणि हाक ऐकून मान वर करायची नाही. कधीच करायची नाही. वर न करण्यासाठी तिला दर वेळी काय करावं लागत असेल, हे काइकेच्या आज प्रथम मनात आलं. शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. आणि तो निघाला असता तरी उपयोग नव्हता. शनिवारी, दगडावर हात ठेवून, साक्षीदारांदेखत म्हटला तरच तो बेटावर खरा धरला जाणार होता. शब्द आधी मोठ्यानं दगडाला ऐकवायचे, मग कोरायचे, अशी रीत होती. ऐकवलेले शब्द परत घेता येत नाहीत.

शनिवारी आभाळ मोकळं झालं. नामेननं छिन्न्या, लाकडी हातोडी आणि खडू आणला होता. गोंत्येला त्यानं चाकांच्या खुर्चीत बसवून आणलं होतं आणि चाकं गवतात रुतली म्हणून वाटभर कुरकुरला होता.

"दोन माणसांचं वजन आहे तुमचं, आजी."

"एकसष्ट वर्षांचं एक ओझं जास्त आहे. ढकल गुमान."

त्यानं खुर्चीचं चाक दगडानं अडवलं, टोपी काढली आणि काइकेकडे पाहिलं. "हात ठेव. सावकाश बोल, मी खडूनं टिपून घेतो."

काइकेनं मारेनच्या दगडावर हात ठेवला. कागद दुसऱ्या हातात होता. ती वाचायला लागली.

"इथे मारेन आहे. या बेटावर एकोणीसशे एकोणचाळीस साली जन्मली आणि बेट सोडून कधी गेली नाही. तिला वाचता येत नव्हतं, सातच्या पुढे मोजता येत नव्हतं. तिनं त्रेपन्न हिवाळे कोळंबी सोलली. बोटीत ती कधी चढली नाही, मरतानाही नाही."

"जरा दमानं," नामेन पुटपुटला. खडू दगडावर करकरत होता. "मरतानाही नाही. हं."

"ती शाळेच्या भिंतीपाशी आठ वर्षं रोज उभी राहिली."

नामेनचा खडू क्षणभर थांबला. त्यानं मान खाली घातली आणि लिहिलं.

"तिला एक गोष्ट सांभाळायला सांगितली होती. ती तिनं सांभाळली." काइके थांबली. कागद इथे संपत होता. खाली मोकळी जागा होती, सात वर्षांची.

बांधापलीकडे बोटीचा भोंगा वाजला. तिघांनीही तिकडे पाहिलं नाही. काइकेच्या तळव्याखाली दगड हलला असं तिला वाटलं, माणूस अंग चोरतं तसा. ते तिच्याच हाताचं थरथरणं असू शकत होतं. तिनं तळवा अधिक घट्ट दाबला.

"आजी," ती म्हणाली, "तुम्ही सांगता का तिला?"

गोंत्येनं डोळ्यांवरून हात फिरवला. "माझं ऐकून ती थांबली," ती म्हणाली. "तुझं ऐकून सुटू दे. आणि माझ्या दगडावरची ती दुसरी ओळ खरवडून काढ, नामेन. तेवढं मनगट शिल्लक ठेव."

"तुम्ही दोघी मला काही निवृत्त होऊ देत नाही," नामेन म्हणाला. पण तो खाली वाकून खडूचं टोक दगडाला लावूनच थांबला होता. "सांग. काय लिहू?"

काइकेनं दुसराही हात दगडाच्या खांद्यावर ठेवला. बोट आता धक्क्याला लागली असावी. भोंगा दुसऱ्यांदा वाजला आणि बंद झाला. मेंढरं चरत होती. ती दगडाशी बोलली, मोठ्यानं, शाळेच्या दारातून बाहेर येऊन कुणी सांगावं तसं.

"मी मोठी झालेय, मारेन. कधीचीच झालेय. आता कुणी मला नेत नाही." मग ती नामेनकडे वळली. "लिही. काइकेची आई."